मंत्र आवळ्याचा, गुण टिनाचा

आमच्या घराण्यात आजवर एकच मांत्रिक निपजली, आणि ती मी. तेही बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना, बॉटनी विषय घेऊन.

ज्यांनी माझ्या वडिलांना पाहिलं आहे त्यांना हे वाचून ठसका लागेल. बाबांनी छप्पन साली इथेच नागपुरात दीक्षा घेतली आणि घरी आल्या आल्या पहिलं काम काय केलं, तर दारावरची लिंबू-मिरची, आजोबांच्या गळ्यातला ताईत आणि आमच्या आत्याच्या दंडावरचा काळा दोरा अशी तिन्ही प्रकरणं एका दमात नाल्यात सोडली. (आत्या तेव्हा दुपारची झोपली होती. दोरा गेल्याचं तिला काही नव्हतं, पण झोपलेल्या माणसाच्या दंडाला कात्री लावली म्हणून ती दोन वर्षं बाबांशी बोलली नाही.) जरीपटक्याच्या अलीकडे आमची वस्ती. बाबा कापडाच्या मिलमध्ये मागावर होते, आणि दर रविवारी विहारात वंदना झाली की लोकांना अंधश्रद्धेवर चार गोष्टी सांगायचे. "मांजर आडवं गेलं तं थांबू नका," ते म्हणायचे, "त्याले त्याचं काम राहते, तुमाले तुमचं." आमच्या घरात एखादी शिवी एक वेळ खपून जायची, 'मंत्र' हा शब्द नाही.

आणि अशा घरात मी नाटक लिहायला घेतलं, ज्यात एक चेटकीण होती!

झालं असं, की बर्डीच्या बाजारात जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला एक इंग्रजी परीकथेचं पुस्तक सापडलं. मुखपृष्ठ नाही, पहिली अठरा पानं नाहीत, शेवट उंदरांनी खाल्लेला. मधे एक चेटकीण, एक राक्षस आणि एक राजपुत्र तेवढे शाबूत होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत विहाराच्या मागच्या पटांगणात मुलांचा कार्यक्रम व्हायचा, त्यासाठी मी याचं मराठी रूपांतर करायचं ठरवलं. चेटकीण मुळात दुष्ट नसते, शेवटी तीच राजपुत्राला जिवंत करते, असा शेवट मी पदरचा घातला. (चेटकिणीचं काम मीच करणार होते, हे त्यामागचं खरं कारण.)

बाबा मिलमधून आले, चहाचा कप घेऊन वाचायला बसले आणि तिसऱ्या पानावर त्यांनी कप खाली ठेवला.

"हे 'ह्रीं फट्' काय हाय?"

"चेटकिनीचा मंत्र हाय, बाबा."

"कोनाच्या घरात?"

"टेकडीवरच्या गुहेत..."

"लिहिला कोनाच्या घरात, ते इचारून राहिलो मी!"

आई चुलीपासून म्हणाली, "लिहू द्या ना जी. खोटं खोटं तं हाय."

"खोटे मंतर आयकूनच पोट्टे खरे खरे भेतात," बाबा म्हणाले. "चेटकीन राहू दे. मंत्र नाई चालनार."

आता चेटकिणीनं मंत्र म्हणायचा नाही तर काय पंचवार्षिक योजना वाचून दाखवायची? मी रडकुंडीला आले. मूळ पुस्तकातली चेटकीण काय म्हणते ते पुन्हा पाहिलं, तर ती गुहेच्या दाराला 'अपेरियो पोर्टा' असं काहीतरी म्हणत होती. ते पान घेऊन मी कॉलेजात आमच्या बॉटनीच्या मॅडमकडे गेले. मॅडम खूप हसल्या.

"अगं, हे साधं लॅटिन आहे. अपेरियो म्हणजे उघडते, पोर्टा म्हणजे दार. 'मी दार उघडते', एवढंच! कुणाला कळत नाही म्हणून मंत्र वाटतो. अशा गोष्टी लिहिणारे लोक लॅटिनमधला एखादा शब्द घेतात, त्याला शेपूट जोडतात आणि चेटकिणीच्या तोंडात घालतात. आणि तुला कशाला त्यांची उसनवारी? तुझ्या प्रॅक्टिकलच्या वहीत याहून भारी मंत्र आहेत!"

मी वही उघडली. जी नावं पाठ करताना मला दोन वर्षं घाम फुटत होता, ती एकदम वेगळीच दिसायला लागली. कॅलोट्रोपिस गायगँटिया! (आपली रुई. पण कुणाला मोठं करायचं असेल तर याहून चांगला मंत्र कुठला?) विथानिया सॉम्निफेरा! मिमोसा प्युडिका! त्या संध्याकाळी मी वहीत दोन रकाने आखले, डावीकडे मंत्र आणि उजवीकडे अर्थ, आणि वही बाबांच्या समोर ठेवली. बाबांनी चष्मा लावला आणि जकात नाक्यावर ट्रक तपासावा तसा एकेक शब्द थांबवून तपासला.

"हे प्युडिका म्हंजे?"

"लाजाळू. राक्षसावर टाकला का राक्षस लाजते."

"चालते. सॉम्निफेरा?"

"झोप आननारी."

"हे तं आमच्या तिसऱ्या पाळीत कोनी रोजच टाकून राहिलं. चालते. अन् हा लांबडा? एम्ब्लिका ऑफिसि...?"

"ऑफिसिनालिस. जुन्या काळी औषधाची कोठी राहे, तिले ऑफिसिना म्हनत. त्या कोठीतलं झाड ते ऑफिसिनालिस. अन् एम्ब्लिका म्हंजे आवळा. यानं मेलेला राजपुत्र उठते."

"म्हंजे औषधी आवळा."

"हौ."

बाबांचा चेहरा उजळला. "असं सांग ना मंग! ज्या शब्दाचा अर्थ मानसाले समजला, तो मंत्र राहतच नाई. मेला तो." आणि त्यांनी वहीखाली तारीख घालून सही केली. असा वडिलांच्या सहीशिक्क्याचा मंत्र असलेली चेटकीण जगात दुसरी झाली नसावी.

आता भागरतामावशीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण तिच्या एका उचकीनं घडवलं. मावशी आमच्या भिंतीला भिंत लागून राहायची आणि विड्या वळायची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, अक्षराशी ओळख नाही. मी पहिलीत असल्यापासून ती मला आपल्या सुपासमोर बसवून वाचायला लावायची. "हात माहे गुंतले हाय, कान मोकळे हाय. वाच!" तेंदूचं पान, तंबाखू, दोरा आणि माझी वाचनमाला. पुढे वाचनमालेचं जीवशास्त्र झालं, मराठीचं इंग्रजी झालं, तरी मावशीचं "वाच" काही थांबलं नाही.

"तुले समजते का वं मावशी यातलं?" मी एकदा विचारलं.

"मले समजाले कायले पायजे? तुले समजते ना?"

मी "हो" म्हणायची, आणि मग ते खरं करायला घरी जाऊन अभ्यास करावा लागायचा. आज मी जे काही शिकले आहे, त्याचं अर्धं श्रेय त्या सुपाला आहे. हे मला तेव्हाही कळत होतं, फक्त बोलून दाखवायची अक्कल नव्हती.

तर कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी मावशीला उचकी लागली. साखर खाऊन झाली, पेल्याच्या उलट्या बाजूनं पाणी पिऊन झालं, आईनं पाठीत गुद्दे घातले. मी घाबरवायला म्हणून ओरडले, "मावशी, तुह्या घरात चोर शिरला!"

"शिरू दे," मावशी म्हणाली, "त्यालेच, उच्, काई भेटलं, उच्, तं भेटलं!"

कार्यक्रमाच्या संध्याकाळी ती पहिल्या रांगेत, बरोब्बर मधोमध येऊन बसली. मी आईचं काळं लुगडं नेसून, केसांत राख घालून, नाकाच्या शेंड्याला भेंडीचं बूड चिकटवून रंगमंचावर आले. माझ्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी मावशी पूर्णविराम द्यायची. "मी आहे काळ्या टेकडीची चेटकीण!" "उच्!" "माझ्यासमोर कोणी टिकत नाही!" "उच्!" पण मंत्रांनी कमाल केली. मागच्या गल्लीतली दणकट मंदा राक्षस झाली होती. तिच्यावर मी 'मिमोसा प्युडिका!' टाकला आणि ती मिशीसकट अशी लाजली, की पटांगण हसून लोळलं. 'विथानिया सॉम्निफेरा!' म्हटल्यावर चार शिपाई झोपले, त्यातला एक तर खरोखरच झोपला आणि त्याला त्याच्या आईनं पुढच्या प्रवेशात येऊन उचलून नेलं.

मग आला शेवटचा प्रसंग. राजपुत्र मेलेला. पडद्यामागं दोरीला एक मोठं टिन, म्हणजे छपराचा पत्रा, टांगलेलं, ते हलवून ढगांचा गडगडाट करायचा, हे खातं आईकडे. मी दोन्ही हात वर केले आणि पोटातून आवाज काढला, "एम्ब्लिका... ऑफिसिनालिस!"

गडगडाट नाही. आई पडद्याच्या फटीतून लेकीचं काम बघण्यात इतकी गुंगली होती, की तिच्या हातून दोरीच सुटली होती. पुढच्याच क्षणाला ते टिन खाली ठेवलेल्या खिचडीच्या रिकाम्या गंज-पातेल्यांवर धाडकन कोसळलं. मेलेला राजपुत्र "माय वं!" करून उठून बसला. लहान पोरं रडायला लागली. मग सगळीकडे शांत झालं. तीन दिवसांत वस्तीला त्या उचकीची इतकी सवय झाली होती, की सगळे जण नकळत तिची वाट बघत थांबले.

उचकी आली नाही.

मावशी सावकाश उभी राहिली. "थांबली! बाप्पा, सुलूच्या मंत्रानं माही उचकी थांबली!"

बाबा ताडकन उठले. "मंत्रानं नाई, टिनानं! मानूस दचकला का उचकी थांबते!"

"हौ हौ," सगळे म्हणाले, आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी दात घासत दारात आले तर बाहेर पाच माणसं. एकीची कोंबडी अंडी देत नव्हती. एकाच्या मुलीचा मॅट्रिकचा निकाल होता. ("पेपर तं देऊन झाले, आता काय मंत्र?" "नंबर बदलते का पाय ना वं!") एका आजोबांना आपल्या कवळीनं शेवया खाता याव्यात एवढीच इच्छा होती. आणि एक काका म्हणाले, नळाला पाणी येऊन नाही राहिलं, त्याच्यावर काही आहे का?

बाबांनी रीतसर उपाय केला. विहाराबाहेरच्या फळ्यावर ते दर आठवड्याला सुविचार लिहायचे. तो पुसून त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं: 'एम्ब्लिका ऑफिसिनालिस म्हणजे आवळा. तो मंत्र नाही.' संध्याकाळपर्यंत अर्ध्या वस्तीनं त्यातला पहिला भाग वहीत उतरवून घेतला होता. आठवड्याभरात तिघांच्या गळ्यात ताईत दिसले, आणि एक उघडून बघितला तर आत बाबांच्याच फळ्यावरून नक्कल केलेला कागद! बाबा त्या दिवशी जेवले नाहीत.

आणि मी? इथे कबूल करते, मला मजा यायला लागली होती. लोक रस्त्यात थांबून "काय म्हंता, सुलूताई?" विचारायचे. (काल-परवापर्यंत मी 'ए सुले' होते.) कोणी पपई आणून द्यायचं, कोणी ताक. मी "अहो, तो आवळा आहे" म्हणायची खरी, पण असं हळूच, गूढ हसून म्हणायची की समोरच्याचा विश्वास आणखी पक्का व्हायचा. एका म्हशीवर मी प्रत्यक्ष मंत्र म्हटला. एकदाच! म्हशीनं दूध दिलं. ती दूध देणारच होती, मालकानं तिची पेंड बदलली होती, पण हे मी कोणाला सांगितलं नाही.

पावसाळा लागला आणि माझी मजा संपली. एके दिवशी मावशीचं सूप तसंच पडलेलं दिसलं. ती भिंतीला टेकून बसली होती आणि तिचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते.

"मावशी, कावीळ हाय ही! दवाखान्यात चाल."

"मी नाई जात. माहा नवरा तठी आपल्या पायानं गेला, अन् चौघांच्या खांद्यावर आला." मग तिनं माझा हात धरला. "तू हाय ना. तू मंत्र म्हन, मी होतो बरी."

मी तिला सगळं खरं खरं सांगितलं. टिन पडलं म्हणून सांगितलं, म्हशीची पेंड सांगितली, घरातून आवळ्याच्या लोणच्याची बरणी आणून नाकासमोर धरली. "हे पाय मावशी, हे हाय एम्ब्लिका ऑफिसिनालिस! लोनचं हाय!"

"हौ," मावशी समजूतदारपणे म्हणाली. "मांत्रिकानं खरं सांगतलं का गुन जाते. नोको सांगू."

बाबा गेले. दोन तास बोलले. यकृत म्हणजे काय, पित्त कुठे जातं, सगळं जमिनीवर कोळशानं आकृती काढून समजावलं. मावशीनं ऐकून घेतलं. "तुमचं सारं बरोबर हाय, भाऊ. पन उचकी तं थांबली ना?"

चौथ्या दिवशी ती पाणी प्यायलाही उठेना. कोणी काविळीचा उतारा करणाऱ्याला बोलवायच्या गोष्टी करू लागलं. मी घरात येऊन बाबांसमोर रडायला लागले. "बाबा, मावशी माह्यामुळं मरन. मी गंमत केली, अन् ती मरन."

बाबा रोज सकाळी पंचशील म्हणायचे, आणि त्यातलं खोटं न बोलण्याचं शील तर असं पाळायचे, की 'घरी नाही म्हणून सांग' हे वाक्य आमच्या घरात कधी कोणी उच्चारलं नाही. ते उठले, सदरा घातला आणि मावशीच्या घरात जाऊन तिच्यासमोर उकिडवे बसले.

"भागरताबाई, सुलू म्हनते मंत्र."

मावशीनं डोळे उघडले.

"पन हा मंत्र घरी लागू होत नाई. जुन्या काळी औषधाची कोठी राहे, तठीच लागू होते. नावातच हाय त्याच्या. आता तशी कोठी सरकारी दवाखान्यातच हाय, अन् मंत्र वाटेपासून सुरू करून डॉक्टरसामोर पुरा करा लागते."

"तुम्ही म्हंता, भाऊ? तुम्ही?"

"मी म्हंतो."

मावशी त्यांच्याकडे बघत राहिली. "मंग खरं असन. तुम्ही लबाड बोलत नाई."

बाबांनी मान खाली घातली. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कोणापुढे असं बसलेलं पाहिलं.

सायकल रिक्षा आली. मावशीला मांडीवर घेऊन मी बसले, बाजूनं बाबा सायकलवर. रिक्षा हलली आणि बाबांनी सायकलवरून डोळ्यांनी खूण केली, म्हण! मी सुरू केलं. रेल्वे फाटकापर्यंत 'एम्ब्लिका ऑफिसिनालिस' पुरलं. फाटक बंद! मालगाडी! मावशी कण्हत म्हणाली, "मी उतरतो, मले घरी ने." मी घाबरून वहीतले उरलेले मंत्र काढले. ते संपले तशी झाडांच्या कुळांवर आले: सोलॅनेसी, माल्वेसी, लेग्युमिनोसी... मालगाडीला डबे किती असावेत याला काही सुमार असतो की नाही! माझा बी.एस्सी.चा अख्खा अभ्यासक्रम त्या फाटकावर झाला, मग मुळांचे प्रकार झाले, पानांच्या कडा झाल्या. शेवटी फाटक उघडलं, आणि रिक्षावाल्यानं पॅडल मारता मारता भक्तिभावानं टोपी काढून खिशात घातली.

दवाखान्यात रांग होती. आमचा नंबर लागेपर्यंत माझा घसा बसला होता. आत एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी मावशीची पापणी ओढून पाहिली, पोट दाबलं आणि माझ्याकडे वळल्या.

"तुम्ही काय पुटपुटताय?"

"मंत्र हाय, बाई," मावशी म्हणाली. "इनं माही उचकी थांबवली होती."

डॉक्टरीणबाईंनी कान देऊन ऐकलं. मी घोगऱ्या आवाजात 'कुकर्बिटेसी, कुकर्बिटेसी' चालवलं होतं. त्यांच्या कपाळावर आठी पडली. "अहो, हे काय? ही तर भोपळ्याची..."

"डॉक्टरीनबाई!" बाबा एकदम पुढे झाले. त्यांनी हात जोडले होते. "माह्या पोरीचा मंत्र अर्धाच हाय. बाकीचा अर्धा तुमच्यापाशी हाय. तो तुम्ही म्हना, अन् या बाईले भरती करून घ्या."

डॉक्टरीणबाईंनी बाबांच्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं, माझ्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं, मावशीच्या पिवळ्या डोळ्यांकडे पाहिलं. मग त्यांनी कागद ओढला, औषध लिहिलं, आणि डॉक्टर लोक औषधापुढं टी.डी.एस. अशी जी तीन इंग्रजी अक्षरं खरडतात, ती पुरती उलगडून, खर्जात, डोळे मिटून म्हटली:

"तेर... दिए... सुमेंदुम!"

माझ्या अंगावर काटा आला. "म्हणजे काय?" मी सवयीनं विचारून बसले. (त्या खोलीत त्या क्षणी विचारू नये असा हा एकच प्रश्न होता.)

"दिवसातून तीनदा घ्यायचं," बाई ओठ न हलवता माझ्या कानात म्हणाल्या, आणि लगेच मोठ्यानं, "पोस्ट... सिबुम!" म्हणजे जेवल्यावर. हे मी विचारलं नाही, नंतर शोधून काढलं.

मावशीनं डोळे मिटून हात जोडले. "इचा दमदार हाय," ती म्हणाली, आणि मुकाट्यानं खाटेवर जाऊन निजली. खोटं कशाला सांगू, त्याही परिस्थितीत मला ते थोडं लागलं.

बाहेर व्हरांड्यात डॉक्टरीणबाई बाबांना म्हणाल्या, "आणखी आठवडा काढला असता ना, तर माझ्याजवळही मंत्र नव्हता."

मावशी बारा दिवस तिथे होती. तेराव्या दिवशी ती रिक्षातून उतरली आणि आमच्या गल्लीत आपल्या पायानं चालत आली. आई दारातच रडायला लागली. मी त्या डॉक्टरीणबाईंना पुन्हा कधी भेटले नाही, पण आजही औषधाच्या चिठ्ठीवर ती तीन अक्षरं दिसली की मनातल्या मनात त्यांना नमस्कार करते.

पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर बाबा बोलायला उभे राहिले. नेहमीसारखं मांजर आडवं गेलं नाही. "मी लबाड बोललो," ते म्हणाले. "मंत्र काई नोयता. भागरताबाईले मी फसवून दवाखान्यात नेलं. मले माफ करा."

मागून मावशी उठली. अशक्तपणामुळं तिनं माझ्या खांद्याला धरलं होतं.

"भाऊ, मले तवाच समजलं होतं."

"अं?"

"तुम्ही मान खाली घातली ना, तवाच. मनात म्हटलं, हा मानूस जन्मात लबाड बोलला नाई, अन् माह्यासाठी बोलून राहिला. मंग आता दवाखान्यात जाच लागते. मेलो तं मेलो." मग बाबांपुढं हात जोडून म्हणाली, "लय उपकार झाले, भाऊ."

बाबा खाली बसले आणि त्यांनी चष्मा पुसायला घेतला, तो बराच वेळ पुसत राहिले. मीही रडत होते. मला वाटलं, आता मावशी माझ्याबद्दलही दोन शब्द बोलेल. रिक्षातून दवाखान्यापर्यंत मी घसा फोडला होता! मी नाक ओढून विचारलं, "अन् मावशी, माह्या मंत्राचं वं?"

"तुह्या मंत्राचं काय सांगू बाई!" मावशी सगळ्या विहाराला ऐकू जाईल अशी म्हणाली. "माही कावीळ एकीकडे, अन् तुहं सोलेसी-मालेसी एकीकडे! असं डोस्कं उठलं होतं त्या फाटकावर! मले वाटे, बरी नाई झालो तरी चालन, पन हे पोट्टी चूप झाली पायजे."

विहार हसून हसून आडवा झाला. बाबासुद्धा हसले. दुसऱ्या दिवसापासून आमच्या दारापुढची रांग बंद झाली, आणि पुढे बॉटनीच्या तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी "चला, कुळांची नावं सांगा" म्हटलं, तेव्हा मी आधी अदबीनं विचारून घेतलं, "सर, तुमचं डोकं तर दुखत नाही ना?"